ओमेगा ‘फिफ्टी-थ्री’ची पडताळणी : डायल रंगवली कुणी?

११ जानेवारी

घड्याळ काकांचं आहे. काका म्हणजे माझ्या मैत्रिणीचे वडील, १९७१ साली मुंबईहून इंग्लंडला आले आणि लंडनमधल्या हॅरोत स्थायिक झाले. १९७९ साली कामावरच्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी हे घड्याळ पंधरा पौंडांना घेतलं. तो सहकारी पूर्वी ब्रिटिश हवाई दलात होता. घड्याळ ओमेगाचं, मॉडेल २७७७-१. १९५३ साली हवाई दलासाठी बनवलेलं, म्हणून हौशी मंडळी त्याला नुसतं ‘फिफ्टी-थ्री’ म्हणतात. एकूण साधारण ५,९०० नग हवाई दलाला दिले गेले.

गेल्या महिन्यात काका ते एका दुकानात दाखवायला घेऊन गेले. दुकानदारानं भिंग लावलं, लगेच खाली ठेवलं आणि सांगितलं की डायल रंगवलेली आहे, भारतात रंगवून घेतली असणार, याला फारसा अर्थ नाही. काकांना विकायचं नाहीच आहे, लेकीला द्यायचं आहे. पण ते ‘भारतात’ त्यांना फार लागलं. मला म्हणाले, “अगं, हे घड्याळ मुंबईला गेलंय ते माझ्या मनगटावर. तिथं कुणाच्या हातात मी दिलेलंच नाही.”

डायल रंगवलेली आहे हे दुकानदाराचं म्हणणं चुकीचं नाही. पण या मॉडेलमध्ये तेवढ्यावर निकाल लागत नाही. कारखान्यातून निघालेल्या मूळ डायलवर सरकारी मालमत्तेचा बाण बारीक रेषांचा होता आणि अंधारात चमकण्यासाठी आकड्यांवर रेडियमचा लेप होता. पुढे रेडियमचा धोका लक्षात आल्यावर साठच्या दशकात ब्रिटिश सरकारनंच ही घड्याळं परत घेऊन डायल नव्याने रंगवून घेतल्या. त्या वेळी लेप ट्रिटियम या कमी धोक्याच्या किरणोत्सारी पदार्थाचा लावला, बाण जाड छापला आणि ट्रिटियमची खूण म्हणून वर्तुळातला ‘टी’ टाकला. हवाई दलाच्या मार्क ११ घड्याळांवरही (आयडब्ल्यूसी या दुसऱ्या स्विस कंपनीच्या) असाच वर्तुळातला ‘टी’ दिसतो. म्हणजे बारीक बाण हा मूळ, फार दुर्मिळ आणि फार महाग प्रकार. जाड बाण हा रंगवलेला, तरीही पूर्णपणे अस्सल प्रकार. आणि तिसरी शक्यता म्हणजे कुणीतरी नंतर जाड बाणाची नक्कल रंगवली.

काकांच्या डायलवर जाड बाण आहे, वर्तुळात ‘टी’ आहे. हा जाड बाण सरकारी की नकली, एवढंच शोधायचं आहे. असं घड्याळ हाती आलेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवते आहे.

१२ जानेवारी

बाहेरून पाहणी. दहा पट मोठं दाखवणारं भिंग २५ पौंडांना घेतलं. व्हर्नियर घरात होता. केसचा (म्हणजे बाहेरच्या धातूच्या घराचा) व्यास किल्लीचा गोंडा सोडून ३७ मिलिमीटरच्या आसपास भरला, तो बरोबर आहे.

पट्टा अडकवायच्या दांड्या केसलाच कायमच्या जोडलेल्या आहेत. नेहमीच्या घड्याळात त्या स्प्रिंगच्या असतात, सुटू शकतात. सैनिकी घड्याळ विमानात सुटून पडू नये म्हणून ही सोय. नकली जुळवणीत स्प्रिंगच्या दांड्यांची नागरी केस घेऊन भोकांत दांड्या झाळून टाकलेल्या सापडतात. तसं असेल तर सांध्याजवळ झाळकामाचा वेगळा रंग किंवा बुजवलेल्या भोकाची गोल रेघ दिसते. इथं तसलं काही नाही. दांडीचा मधला भाग पट्टा घासून चपटा झालाय, दोन्ही टोकांना ती अजून गोल आहे. इतकी वर्षं पट्टा आतून ओवून वापरला की अशीच झीज होते.

आता मागचं झाकण. त्यावर बाण, खाली ‘६बी/५४२’ आणि त्याखाली नगाचा क्रमांक, तिरकी रेघ, ‘५३’. ‘६बी’ हा हवाई दलाच्या भांडारातला गट, ५४२ ही त्यातली वस्तू. युद्धकाळातल्या नेव्हिगेटरच्या घड्याळांवर ६बी/१५९ असतं, मार्क ११ वर ६बी/३४६. त्यामुळे इथं ५४२ सोडून दुसरं काही असतं तर तिथंच थांबता आलं असतं.

कोरीव अक्षरं आजकाल लेझरनं कुणीही काढून देतं, त्यामुळे आकडा बरोबर असणं पुरेसं नाही. पाहायचं ते ओरखडे आणि अक्षरं एकमेकांना छेदतात त्या जागा. ओरखडा आधीचा आणि अक्षर नंतरचं असेल तर ओरखडा अक्षराच्या कडेशी तुटतो आणि कड धारदार राहते. अक्षर आधीचं आणि ओरखडा नंतरचा असेल तर ओरखडा जाताना अक्षराची कड जराशी चेपतो, धातू किंचित खोबणीत ढकलला जातो. दिव्याचा प्रकाश अगदी आडवा पाडला तरच हे दिसतं. वरून प्रकाश टाकून सगळी संध्याकाळ काही कळेना. मग टेबललॅम्प खाली घेऊन टेबलाच्या पातळीवर ठेवला आणि ‘४’ च्या आडव्या दांडीवरून गेलेला एक लांब ओरखडा स्पष्ट उठून आला. त्यानं दांडीच्या दोन्ही कडा चेपल्या आहेत. ‘बी’ च्या पोटावरही तसंच. ‘५३’ च्या खोबणीत काळा, कडक झालेला मळ आहे, तो मी मुद्दाम काढला नाही. असं घड्याळ हाती आलं तर कृपा करून आधी घासून लख्ख करू नका, पुरावा त्या मळात आणि ओरखड्यांतच असतो.

एक गोष्ट खटकली, ती इथं टिपून ठेवते. मिनिटकाटा मिनिटांच्या रेषांपर्यंत पोचत नाही, थोडा अलीकडेच संपतो.

१८ जानेवारी

कागदपत्रं. काकांनी पूर्वी कधीतरी ओमेगाकडून संग्रहातला उतारा मागवला होता, तो फाइलमध्ये जपून ठेवलाय. त्यात यंत्राचा क्रमांक, मॉडेल, उत्पादन १९५३ आणि रवानगी ग्रेट ब्रिटन, एवढं आहे. यंत्राचा क्रमांक १ कोटी ३३ लाखांच्या घरातला, या मॉडेलला साजेसा.

काकांच्या मते इथंच काम संपलं. मला तसं वाटत नाही. हा उतारा सातबाऱ्यासारखा आहे. जमीन कुणाच्या नावावर ते कळतं, आज तिच्यावर कोण बसलंय ते कळत नाही. उताऱ्यात केसवरचा हवाई दलाचा क्रमांक नाही, कारण तो हवाई दलाचा. स्वित्झर्लंडमधल्या बील गावच्या ओमेगा कारखान्याचा नव्हे. साठच्या दशकात डायल बदलली तेही उताऱ्यात असणं शक्य नाही. आणि क्रमांक तर मागणाऱ्यानंच कळवलेला असतो.

नुसत्या कागदावर विसंबण्याचा धोका किती मोठा असतो ते ओमेगाच्याच बाबतीत जगासमोर आलं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या लिलावात १९५७ चं एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेलं. घेतलं खुद्द ओमेगानंच, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये उघड झालं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेलं होतं आणि त्यात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचं कंपनीनंच सांगितलं. भाग बहुतेक अस्सल होते. म्हणून मी ठरवलंय की घड्याळ एक वस्तू म्हणून तपासायचंच नाही. केस, यंत्र, डायल, काटे, प्रत्येकाची चौकशी वेगळी.

१९ जानेवारी

होकायंत्राची चाचणी. या घड्याळात यंत्राभोवती मऊ लोखंडाचं आवरण असतं. विमानातल्या उपकरणांच्या चुंबकत्वानं बालकमानी, म्हणजे घड्याळाचा ठोका सांभाळणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, बिघडू नये म्हणून ते घालायचे. बाहेरची केस स्टेनलेस स्टीलची, ती सुई हलवत नाही. आतलं लोखंड हलवतं. यंत्रातले पोलादी भागही थोडी हलवतात, त्यामुळे तुलनेला काहीतरी हवं. माझ्याकडे त्याच काळातलं, त्याच ३० मिलिमीटर घराण्यातल्या यंत्राचं नागरी ओमेगा आहे. होकायंत्रापासून सारख्याच अंतरावर दोन्ही पाळीपाळीनं ठेवली. माझ्या घड्याळानं सुई जेमतेम सरकली, काकांच्यानं चांगली वळली. आवरण आत आहे.

चुंबक लावून पाहण्याचा मोह टाळा. होकायंत्रानं भागतं.

२५ जानेवारी

अतिनील टॉर्च. पहिला आणला तो ३९५ नॅनोमीटरचा, स्वस्त. त्याचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की लेपाचा रंग दिसतच नाही. तो परत करून ३६५ नॅनोमीटरचा मागवला, २० पौंड. यात आठवडा गेला.

खोलीत पूर्ण अंधार करून, डोळे अंधाराला सरावल्यावर तपासलं. हल्ली लावलेला लेप असेल तर टॉर्च बंद केल्यावरही तो बराच वेळ झगझगत राहतो. इथं तसं झालं नाही. आकड्यांवरचा लेप टॉर्चखाली फिकट पिवळसर चमकला आणि टॉर्च बंद करताच काही सेकंदांत विझत गेला. जुन्या ट्रिटियमच्या लेपाचं वागणं असंच असतं. म्हणजे अलीकडची नक्कल बाद.

पण काट्यांवरचा लेप वेगळा वागला. टॉर्चखाली मंद, मळकट, आणि टॉर्च बंद करताच एकदम काळोख. नुसत्या डोळ्यांनीही तो जास्त तपकिरी दिसतो. पुन्हा काटेच.

२६ जानेवारी

छपाईची तुलना. ओळखीतल्या तीन संग्राहकांनी त्यांच्या जाड बाणाच्या डायलचे फोटो पाठवले. तिन्ही घड्याळं चांगल्या इतिहासाची, एक तर मूळ वैमानिकाच्या घरातच असलेलं. तर्क साधा आहे. सरकारी काम ठोक असतं, शेकडो डायलना एकच ठसा वापरला जातो, त्यामुळे ठशातले बारीक दोष सगळीकडे सारखे उतरतात. एखाद्या कारागिरानं एकच डायल हातानं रंगवली तर ती कितीही सुंदर असो, अंतरं तंतोतंत जुळणार नाहीत.

संगणकावर फोटो एकावर एक ठेवले तर काहीच जुळेना. ‘१२’ जुळवला की ‘६’ सरकतो. फोनचा कॅमेरा जवळून धरला की कडा फुगतात, आणि वर घुमटदार काच. शेवटी दीड मीटरवर तिपाई लावून, झूम करून, कॅमेरा डायलला अगदी समांतर ठेवून फोटो काढला आणि संग्राहकांनाही तसेच काढून पाठवायला सांगितलं. त्यांनी न कुरकुरता पाठवले, याबद्दल त्यांचे आभार.

३१ जानेवारी

नवे फोटो जुळले. बाणाचे दोन्ही पंख, आकड्यांमधली अंतरं, वर्तुळातल्या ‘टी’ ची जागा, सगळं एकावर एक बसतं. बाणाच्या एका पंखाचं टोक किंचित बोथट आहे, चारही डायलवर त्याच बाजूचं. भिंगाखाली छपाईत ठिपके नाहीत, सलग शाई आहे. आधुनिक प्रिंटरची नक्कल असती तर ठिपके दिसले असते.

हे पाहून मला फार आनंद झाला, आणि मी लगेच काकांना फोन केला.

मुंबईच्या रंगवलेल्या डायलबद्दलही इथंच लिहिते. भारतातून आलेल्या जुन्या घड्याळांना परदेशातले खरेदीदार ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि नाकं मुरडतात. चार घड्याळांचे भाग एकत्र करून, डायल भडक रंगवून विकली जाणारी घड्याळं आहेत, हे खरंच आहे, आणि घेणाऱ्यानं सावध राहिलंच पाहिजे. पण दमट हवेत डाग पडलेली डायल स्वच्छ करून, रंगवून, हातानं अक्षरं काढून माणसांची रोजच्या वापरातली घड्याळं चालू ठेवणारे कारागीर तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ब्रिटिश सरकारनं रंगवलं की इतिहास आणि मुंबईच्या माणसानं रंगवलं की खोट, हे मला मान्य नाही. फरक फक्त इतकाच, की कुणी रंगवलं ते विकताना सांगितलं पाहिजे.

१ फेब्रुवारी

किरणोत्साराची मोजणी. छोटा गायगर मीटर घेतला, ९० पौंड.

अपेक्षा अशी. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १,६०० वर्षांचं, त्यामुळे १९५३ चा लेप आजही जवळपास तितकाच जागा आहे, चमकायचा थांबला असला तरी. त्याचे किरण काचेतून बाहेर येतात, मीटर लगेच कडकडतो. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लावलेल्या ट्रिटियमचा आज बत्तिसावा हिस्सा उरलाय, आणि त्याचे किरण इतके दुबळे की काच सोडाच, मीटरच्या नळीतही शिरत नाहीत. तेव्हा सरकारी जाड बाणाच्या घड्याळावर मीटर शांत राहायला हवा.

राहिला नाही. टेबलावर मिनिटाला २४ टिकटिक, घड्याळाच्या काचेवर धरला तर ३८०. मागच्या झाकणावर ६०.

मग शांतपणे मांडणी केली. पूर्ण रेडियम डायलवर हाच मीटर किती दाखवतो ते माहीत असावं म्हणून ओळखीतल्या एका माणसाचं १९४०च्या दशकातलं रेडियमचं घड्याळ मोजलं. तिथं आकडा दोन हजारांच्या वर गेला. म्हणजे काकांच्या घड्याळात रेडियम आहे, पण बारा आकड्यांभर नाही, कमी आहे. शक्यता तीन. एक, जुन्या रेडियम डायलवर कुणीतरी ‘टी’ छापला आणि लेप बराचसा झडलाय. दोन, डायल ट्रिटियमचीच, पण केसच्या आत १९५३ ची रेडियमची धूळ राहिलीय. तीन, रेडियम फक्त काट्यांवर आहे.

माझा कल तिसरीकडे. तीन नोंदी काट्यांकडेच बोट दाखवताहेत. पण घड्याळ उघडल्याशिवाय ठरणार नाही, आणि आता ते मी घरी उघडणार नाही. जुना रेडियमचा लेप ठिसूळ होतो, त्याची भुकटी श्वासातून किंवा बोटांवरून पोटात गेली तर धोका खरा आहे. बंद घड्याळ टेबलावर असणं वेगळं, उघडणं वेगळं. घरात लहान मूल असेल तर तर अजिबातच नको.

काकांना सांगितलं की निकाल लागेपर्यंत घालू नका. त्यांनी डब्यात ठेवून दिलं.

१२ फेब्रुवारी

घड्याळजी मिळेना. रेडियम म्हटलं की बहुतेक जण नकार देतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आधीच सांगा, मात्र. न सांगता समोर ठेवणं हा त्या माणसाच्या तब्येतीशी खेळ आहे. शेवटी जुन्या विमानांची उपकरणं दुरुस्त करणारे एक गृहस्थ तयार झाले. त्यांच्याकडे हवा बाहेर ओढणारं बंदिस्त कपाट आहे आणि किरणोत्सारी वस्तू हाताळायची रीतसर सोय आहे. तपासणीचे १४० पौंड ठरले.

२२ फेब्रुवारी

दिवसभर त्यांच्या कार्यशाळेत. काका बरोबर आले होते, काचेपलीकडे उभं राहून सगळं पाहत होते.

झाकण आट्याचं, उघडायला बराच जोर लागला. आतल्या बाजूला २७७७-१. खाली लोखंडी आवरण, त्यावर गंजाची एक पुसट नखाएवढी चंद्रकोर. आवरण उचलल्यावर तांबूस मुलाम्याचं यंत्र, कॅलिबर २८३ (कॅलिबर म्हणजे यंत्राचा प्रकार), सतरा ज्वेलचं, म्हणजे घर्षण कमी करणारे सतरा खडे बसवलेलं. क्रमांक उताऱ्यातल्याशी जुळला. या घराण्यातली यंत्रं १९३९ पासून १९६३ पर्यंत सुमारे ३० लाख बनली, त्यामुळे त्यांच्यापैकी एखादं यंत्र नव्या बनावट केसमध्ये घालून ‘फिफ्टी-थ्री’ तयार करणं अवघड नाही. म्हणून नुसतं यंत्र अस्सल असण्याला मी किंमत देत नाही. पण झाकणाच्या आतली झीज, आवरण यंत्रावर टेकतं तिथली घासल्याची वर्तुळं आणि त्यांचा एकमेकांशी बसलेला मेळ पाहून त्या गृहस्थांचं मत पडलं की हे भाग दीर्घकाळ एकत्र राहिलेले आहेत. हवाई दलाच्या कार्यशाळेत यंत्रांची अदलाबदल होत असे, तेव्हा ‘जन्मापासून एकत्र’ असं मी लिहिणार नाही.

यंत्र चाल मोजणाऱ्या टायमिंग मशीनवर लावलं. तासाला १८,००० ठोके. मशीनला यंत्रप्रकारानुसार लिफ्ट अँगल नावाचा एक कोन सांगावा लागतो; तो आपोआप ५२ येतो, या यंत्राला ४९ करावा लागतो, नाहीतर तोलचाकाच्या झोक्याचा आकडा फसवा येतो. दिवसाला बारा सेकंद पुढे, तेल सुकलेलं असूनही. पडताळणीत याचा उपयोग नाही, पण काकांचा चेहरा खुलला.

मग काटे. हातमोजे घालून, ओल्या टिपकागदावर, तास-मिनिटांचे दोन्ही काटे उचलले आणि झाकणाच्या छोट्या डबीत ठेवले. मीटर डबीच्या तोंडाशी नेला आणि आकडा हजाराच्या पलीकडे गेला. डबी बंद करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि डायलवर मीटर धरला. २६, २९, २५. टेबलाइतकंच.

रेडियम काट्यांवर आहे, डायलवर नाही. मीटर शांत राहिला म्हणून ट्रिटियम आहे असं सिद्ध होत नाही, रेडियम नाही एवढंच सिद्ध होतं. पण अतिनील टॉर्चखालचं वागणं त्याला जोडलं की दुसरा अर्थ उरत नाही.

डायल उचलून मागून पाहिली. डायल यंत्रात अडकवणारे दोन्ही पाय मूळचे, नव्यानं झाळलेले नाहीत. पुढच्या बाजूला कडेशी, केसच्या ओठाखाली लपणाऱ्या पट्टीत, रंगाचा एक टवका उडालाय. तिथं भिंग नेलं तर काळ्या रंगाखाली थेट पितळ. जुन्या रंगावर नवा रंग चढवलेला नाही, पत्रा पूर्ण खरवडून मग रंगवलाय. रेडियम काढून टाकायचं म्हणजे हेच करावं लागणार. मधल्या भोकाभोवती रंगाची किंचित जाड कड आहे, कारखान्याच्या कामात ती इतकी जाड नसते.

आणखी एक तपासणी त्या गृहस्थांनी सुचवली. रेडियमचे काटे वर्षानुवर्षं एकाच जागी थांबून राहिले तर त्यांच्याखाली डायलवर भाजल्यासारखी तपकिरी सावली उमटते. काकांच्या डायलवर सावली नाही. काका घड्याळ रोज वापरत, त्यामुळे काटे फिरतेच राहिले. तेव्हा सावली नसण्यावरून काटे कधी आले ते ठरवता येत नाही.

काटे कुठले? सरकारी लोकांनी डायलवरचं रेडियम काढलं आणि काट्यांवरचं ठेवलं, हे पटत नाही. शिवाय मिनिटकाटा आखूड आहे, तिन्ही संग्राहकांच्या घड्याळांत तो रेषांपर्यंत पोचतो. काटे दुसऱ्या, जुन्या घड्याळाचे आहेत. काकांना विचारलं, त्यांना आठवेना.

२३ फेब्रुवारी

रात्री काकूंचा फोन. काकांनी जुन्या फायली माळ्यावरून काढल्या आणि १९८८ ची एक पावती सापडली. दुकान इंग्लंडातलंच. पावतीवर तीन ओळी आहेत: साफसफाई आणि तेल, नवी काच, काटे बदलले. काकांना आता आठवलं की तेव्हा घड्याळ हातातून पडलं होतं, काच फुटली होती आणि काटे वाकले होते. दुकानदारानं आपल्या जुन्या साठ्यातला जोड बसवला असणार.

काकू म्हणाल्या, “ते दोन तास झाले पावती हातात घेऊनच बसलेत. मुंबईचं नाव उगाच घेतलं त्यांनी, एवढंच म्हणताहेत.”

१ मार्च

आजवरचा खर्च: भिंग २५, टॉर्च २०, मीटर ९०, तपासणी १४०. एकूण २७५ पौंड, प्रवास वेगळा. मीटर ओळखीत कुणाकडे असेल तर तो खर्च वाचतो. वेळ सगळ्यात जास्त गेला तो फोटो नीट काढण्यात आणि रेडियम हाताळणारा माणूस शोधण्यात. पुन्हा करायची वेळ आली तर मी मीटर पहिल्या दिवशीच लावेन, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं: घरी उघडायचं की नाही, कुणाकडे न्यायचं, त्याला काय सांगायचं.

काकांच्या लेकीसाठी एक पान लिहून फाइलमध्ये ठेवलं. केस १९५३ ची, हवाई दलाची, कोरीव अक्षरं जुनी. यंत्र कॅलिबर २८३, उताऱ्याशी जुळतं. डायल साठच्या दशकातली सरकारी, जाड बाणाची, ट्रिटियमची. काच आणि काटे १९८८ ला बदललेले, काट्यांवर रेडियम. सोबत पावतीची प्रत, चारही डायलचे फोटो आणि मीटरचे आकडे. विकायची वेळ आलीच तर हे पान खरेदीदाराला पूर्ण दाखवायचं, काट्यांच्या ओळीसकट.

काट्यांचं काय करायचं यावर आमचं एकमत व्हायला वेळ लागला. माझं म्हणणं, रेडियमचे काटे काढून जाड बाणाच्या घड्याळाला साजेसे ट्रिटियमचे शोधावेत. काकांचं म्हणणं, छत्तीसहून जास्त वर्षं हेच काटे पाहून मी लोकल पकडलीय, आता ते परके कसे? शेवटी काकूंनी निकाल दिला: नात मनगटाशी खेळते, रेडियम घरात नको. काटे त्या गृहस्थांकडेच बंद डबीत, नाव आणि तारीख लिहून ठेवलेत. फेकायचे नाहीत, तेही या घड्याळाच्या इतिहासात आहेत.

तोवर घड्याळ काट्यांविना आहे. ‘फिफ्टी-थ्री’चे ट्रिटियमचे काटे सुटे क्वचितच विकायला येतात आणि आले तर त्यांच्या नकलाही तितक्याच येतात. दोन ठिकाणी सांगून ठेवलंय. मिळाले की आधी लांबी मोजायची, मग टॉर्च, मग मीटर, आणि त्यानंतरच पैसे.